सूट नको, साधन द्या!

सरकारी नोकरभरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्तीतला तरुण आधी जागा मोजतो आणि मग अटी वाचतो. लिपिक-टंकलेखक पदाची जाहिरात असेल तर तिच्यात दोन गोष्टी हमखास असतात. एक म्हणजे दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या चार टक्के जागा. दुसरी म्हणजे मराठी टंकलेखनाचा मिनिटाला किमान ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग आणि त्याचे शासकीय प्रमाणपत्र. या दोन ओळी एकाच कागदावर छापलेल्या असल्या तरी त्यांची एकमेकींशी ओळख नसते. ज्याचा एक हात मनगटापासून गेला आहे, ज्याची बोटे आखडलेली आहेत किंवा ज्याचा हात सारखा थरथरतो, त्याला पहिली ओळ 'ये' म्हणते आणि दुसरी ओळ 'थांब' म्हणते. या दोन ओळींच्या मध्ये जी माणसे अडकून पडली आहेत, त्यांच्याबद्दल आज आम्हाला लिहायचे आहे.

ही माणसे कोण आहेत हे शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. नागपंचमीमुळे राज्यभर माहीत झालेले आमचे शिराळा घ्या. मोरणेच्या काठापासून चांदोली धरणाकडच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत हा तालुका शेतीवर आणि शेतमजुरीवर जगतो. घरोघरी जनावरे आहेत, म्हणून कडबाकुट्टी आहे. ऊस आहे, म्हणून चरक आणि गुऱ्हाळ आहे. सुगीत मळणी यंत्र आहे. या यंत्रांत हात जातो तो बहुतेक वेळा मालकाचा नसतो. तो वैरण सारणाऱ्याचा, पेंढी लावणाऱ्याचा, म्हणजे मजुराचा किंवा शाळेतून येऊन घरकामाला हात लावणाऱ्या पोराचा असतो. मळणी यंत्राने माणसे लुळी करू नयेत म्हणून १९८३ साली संसदेने 'धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम' केला आणि त्यात नुकसानभरपाईची तरतूदही ठेवली. हा कायदा गावातल्या किती जणांनी ऐकला आहे, हे वाचकांनी स्वतःलाच विचारून पाहावे. अपघाताखेरीज पोलिओने दंड बारीक झालेले, जन्मतःच मेंदूच्या पक्षाघाताने (सेरेब्रल पाल्सी) हातांवर ताबा नसलेले, स्नायू क्षीण होत जाणारे आणि कुष्ठरोगातून बरे होऊनही बोटे वाकडी राहिलेले लोक आहेत. कायद्याने या सर्वांना एकाच गटात ठेवले आहे आणि त्या गटासाठी चारपैकी एक टक्का जागा राखल्या आहेत.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाख ६३ हजारांच्या घरात होती. देशातील या लोकांपैकी चोपन्न लाखांहून अधिक जणांचे अपंगत्व हालचालीचे होते. याच जनगणनेत आणखी एक आकडा आहे, आणि तो आपल्या वाचकांनी पाठ करून ठेवावा असा आहे. अनुसूचित जातींमध्ये दिव्यांगांचे प्रमाण २.४५ टक्के आहे, तर एकूण लोकसंख्येत ते २.२१ टक्के आहे. हा फरक नशिबाचा नाही. उपचार उशिरा मिळणे, कुपोषण, धोक्याची कामे आणि दवाखान्यापर्यंतचे अंतर यांचा तो हिशेब आहे. म्हणून दिव्यांगांचा प्रश्न हा दुसऱ्या कोणाचा तरी प्रश्न आहे, असे आपण म्हणू शकत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हाताने अधू असलेला मुलगा किंवा मुलगी टायपिंगच्या वर्गात चौकशीला गेली की बहुतेक ठिकाणी सहानुभूतीच्या सुरात एकच उत्तर मिळते, 'तुला नाही जमायचं, दुसरं काही तरी बघ.' हे उत्तर देणारा माणूस दुष्ट नसतो. टायपिंग म्हणजे दोन हात, दहा बोटे आणि न बघता चालणारा ताल, एवढेच त्याला शिकवलेले असते. टाइपरायटर गेला, संगणक आला, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखन परीक्षाही संगणकावर होऊ लागली, पण डोक्यातली कल्पना मात्र लोखंडी यंत्राचीच राहिली.

गंमत अशी की टंकलेखन यंत्राचा इतिहासच या कल्पनेच्या विरुद्ध साक्ष देतो. इटलीत पेलेग्रिनो तुर्री नावाच्या गृहस्थाने आपल्या ओळखीच्या एका अंध सरदारकन्येला स्वतःच्या हाताने पत्रे लिहिता यावीत म्हणून एक यंत्र तयार केले होते. तिने त्यावर लिहिलेली १८०८ सालापासूनची पत्रे आजही जपलेली आहेत. म्हणजे टंकलेखनाच्या अगदी आरंभीच्या यंत्रांपैकी एक यंत्र जन्माला आले तेच एका अपंग व्यक्तीची अडचण दूर करण्यासाठी. ज्या यंत्राचा जन्मच सोय म्हणून झाला, ते दोनशे वर्षांनी अपंगांना नोकरीच्या दारात अडवणारी अट होऊन बसले आहे. दोष यंत्राचा नाही. त्यावर अट बसवणाऱ्यांचा आहे.

मराठीत हा अडथळा इंग्रजीपेक्षा अधिक उंच आहे, हेही समजून घेतले पाहिजे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ च्या मानकात स्वीकारलेला 'इनस्क्रिप्ट' कळफलक पाहा. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. डावा-उजवा, डावा-उजवा असा ताल धरून लिहिणाऱ्यासाठी ही मांडणी उत्तम आहे. पण ज्याला एकच हात आहे, त्याला प्रत्येक काना-मात्रेसाठी कळफलकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावे लागते. शिवाय ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, ण, श, ळ ही व्यंजने आणि अ, आ, इ, ई यांसारखे पूर्ण स्वर शिफ्टची कळ दाबून धरल्याशिवाय उमटत नाहीत. 'शिराळा' हा तीन अक्षरी शब्द लिहायचा तर श साठी एकदा आणि ळ साठी एकदा, अशी दोनदा शिफ्ट दाबून धरावी लागते. 'दिव्यांग' हा शब्द मात्र एका बोटाने, शिफ्टला हात न लावता सरळ लिहिता येतो. पण त्याला 'अधिकार' असा शब्द लिहायचा असेल तर अ ला शिफ्ट आणि ध ला पुन्हा शिफ्ट! आम्ही हा केवळ शब्दांचा खेळ म्हणून सांगत नाही. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हे नाव सुचवले आणि फलकांवरची नावे झपाट्याने बदलली. नाव देणे सोपे असते. अधिकारापर्यंत बोट पोहोचायला मात्र दोन कळा एका वेळी दाबण्याची व्यवस्था करावी लागते.

आणि ती व्यवस्था फार पूर्वीच झालेली आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ट्रेस संशोधन केंद्राने अपंग वापरकर्त्यांसाठी काही सोयी तयार केल्या आणि १९९५ च्या विंडोजपासून त्या संगणकातच घालून मिळू लागल्या. आज शिराळ्याच्या तहसील कचेरीत, सेतू केंद्रात, कॉलेजात आणि नेटकॅफेत जे विंडोजचे संगणक आहेत, त्यांत या सोयी आहेत. त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही.

पहिली सोय म्हणजे 'स्टिकी कीज'. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की संगणक ही सोय सुरू करायची का, असे विचारतो. ती सुरू केली की शिफ्ट दाबून धरावी लागत नाही. एकदा दाबून सोडायची आणि मग हवे ते अक्षर दाबायचे. दोन्ही मिळून एकच आज्ञा आहे असे संगणक धरतो. कंट्रोल आणि ऑल्टच्या कळांचेही तसेच. एका बोटाने, एका काडीने, तोंडात धरलेल्या पेन्सिलीनेसुद्धा 'अधिकार' हा शब्द आठ कळांत पुरा होतो. दुसरी सोय 'फिल्टर कीज'. ज्याचा हात थरथरतो त्याच्याकडून एक कळ तीनदा दाबली जाते, शेजारच्या कळेला धक्का लागतो. उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ही सोय सुरू होते आणि अशा चुकीच्या स्पर्शांकडे संगणक दुर्लक्ष करू लागतो. तिसरी 'माउस कीज'. ज्याला माउस धरता येत नाही, तो आकड्यांच्या कळांनी पडद्यावरचा बाण हलवू शकतो. चौथी म्हणजे पडद्यावर उमटणारा कळफलक. त्यात कळेवर बाण काही क्षण थांबला तरी अक्षर उमटते. ज्याला अवयवाची एकच हालचाल करता येते त्याच्यासाठी पडद्यावरच्या कळा ओळीओळीने आपोआप उजळत जातात आणि हवी ती उजळली की एक बटण दाबायचे, अशीही सोय त्यात आहे.

काही साधने संगणकाबाहेरची आहेत आणि तीही साधीच आहेत. कळफलकावर बसणारी, प्रत्येक कळेच्या जागी भोक असलेली प्लास्टिकची किंवा पत्र्याची जाळी असते. थरथरणारा हात त्या जाळीवर टेकवायचा आणि भोकातून बोट घालून हवी तीच कळ दाबायची. तळहाताला पट्ट्याने बांधलेली आणि टोकाला रबर लावलेली काडी, कपाळाच्या पट्ट्याला लावलेली काडी, असेही प्रकार जगभर वापरात आहेत. आमच्या तालुक्यातला सुतार किंवा वेल्डिंगवाला असली वस्तू नमुना पाहून सहज करून देईल. इंग्रजीसाठी केवळ डाव्या हाताची आणि केवळ उजव्या हाताची अशा ड्व्होराक पद्धतीच्या दोन मांडण्या विंडोजमध्ये पूर्वीपासून आहेत. मराठी इनस्क्रिप्टची अशी एकहाती मांडणी विंडोजसोबत येत नाही. भारतीय भाषांच्या संगणकीकरणाचे काम करणारी सी-डॅक ही केंद्र सरकारची संस्था १९८८ पासून आपल्या पुण्यातच आहे. मराठीची एकहाती मांडणी करून ती सरकारी संगणकांत घालण्याची मागणी त्यांच्याकडे आणि राज्याच्या मराठी भाषा विभागाकडे झालीच पाहिजे.

मोबाइलवर चित्र आणखी आशादायक आहे. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राने 'स्वरचक्र' नावाचा मराठी कळफलक तयार केला. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्या भोवती बाराखडीचे चक्र उमटते आणि बोट थोडे सरकवले की काना, मात्रा, वेलांटी लागते. दोन कळा एकदम दाबण्याचा प्रश्नच तिथे उरत नाही. ऑगस्ट २०१७ पासून गूगलने मराठीत बोलून लिहिण्याची सोय सुरू केली. ज्याला हातच नाहीत पण वाणी आहे, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. अर्थात ज्याच्या वाणीवरही मेंदूच्या पक्षाघाताचा परिणाम झाला आहे, त्याला ती पुरत नाही. म्हणून एकच साधन सगळ्यांच्या गळ्यात बांधून चालत नाही. कोणाला काय लागते हे त्या माणसाला विचारून ठरवावे लागते.

हे सारे पुस्तकी आहे, प्रत्यक्षात कोणी केले आहे का, असे कोणी विचारील. मुंबईच्या मालिनी चिब यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, बोलणे अस्पष्ट, चालणे नाही. त्यांनी लंडनमधून दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या, मुंबईत पुस्तकांच्या एका मोठ्या दुकानात नोकरी केली आणि २०१० साली 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ते संपूर्ण पुस्तक त्यांनी एका करंगळीने टंकलिखित केले, म्हणून त्याचे नाव तसे. आमच्या शेजारच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक आहेत. तरुणपणीच कमरेखालचे शरीर लुळे पडूनही त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन लिहिले. त्यांचे हात शाबूत होते, अडचण वेगळी होती. पण खुर्चीत बसलेला माणूस कचेरीत काम करू शकतो आणि शेकडो लोकांना कामाला लावू शकतो, हे त्यांनी आमच्या भागाला दाखवून दिले. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचे तर गालाचा एक स्नायू तेवढा त्यांच्या ताब्यात उरला होता. चष्म्याला बसवलेले उपकरण त्या स्नायूची हालचाल टिपत असे आणि त्यावर ते शब्द निवडून व्याख्याने लिहीत. त्यांच्यासाठी ही व्यवस्था करणाऱ्या इंटेल कंपनीने २०१५ साली ती सर्वांसाठी मोफत खुली केली. हेच हॉकिंग जानेवारी २००१ मध्ये मुंबईला आणि दिल्लीला आले होते. तेव्हा दिल्लीत कुतुबमिनारसारख्या स्मारकांवर त्यांच्यासाठी तात्पुरते लाकडी उतार घालावे लागले. पाहुणा मोठा असला की आपल्याकडे एका रात्रीत उतार तयार होतो. घरच्या माणसाला मात्र पायरी चढता येत नसेल तर तो नशिबाचा भोग ठरतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मालिनीताईंच्या पाठीशी शिकलेली आणि खंबीर आई होती. त्यांच्या आई मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत अशा मुलांसाठी संस्थाच स्थापन केली. हॉकिंग यांच्या पाठीशी केंब्रिजचे विद्यापीठ होते. शिराळ्याच्या डोंगराकडच्या वाडीतल्या पोराच्या पाठीशी कोण आहे? त्याची आई दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जाते. सांगलीला प्रमाणपत्रासाठी जायचे तर तिची दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे वेगळे. अशा पोराच्या पाठीशी कायद्याने उभे राहायचे असते. वैयक्तिक जिद्दीच्या गोष्टी सांगून टाळ्या घेणे सोपे आहे. जिद्द नसलेल्या, साध्या, सामान्य अपंग माणसालाही काम मिळाले पाहिजे, ही समतेची खरी कसोटी आहे.

मग कायदा काय म्हणतो? संविधानाच्या कलम ४१ ने बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि विकलांगता या प्रसंगी काम, शिक्षण आणि साहाय्य मिळवून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. पण ते मार्गदर्शक तत्त्व होते. पहिला कायदा यायला १९९५ साल उजाडले. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली आणि त्याला अनुसरून 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. या कायद्यातली सर्वांत महत्त्वाची कल्पना आरक्षणाची नाही. ती आहे 'वाजवी सोय' देण्याची. एखाद्या दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावा म्हणून, अवाजवी बोजा न पडता, आवश्यक तो बदल करून देणे म्हणजे वाजवी सोय. कलम २० ने प्रत्येक सरकारी आस्थापनेवर आपल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांना अशी सोय देण्याचे बंधन घातले आहे. आणि भेदभावाची व्याख्या करताना कायदा स्पष्ट सांगतो की वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव आहे. म्हणजे संगणकात फुकट असलेली स्टिकी कीज सुरू करू न देणे हा काही कारकुनाचा कंटाळा नव्हे, तो कायद्याने भेदभाव ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हाच मुद्दा उचलून धरला. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला, त्याचे अपंगत्व चाळीस टक्के नाही म्हणून, लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितले की चाळीस टक्क्यांची रेषा आरक्षणासाठी आहे, परीक्षेतल्या सोयीसाठी नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात न्यायालयाने आणखी एक भेद समजावून दिला. सर्वांसाठी आधीच सुगम व्यवस्था करून ठेवणे ही एक जबाबदारी आणि एखाद्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे तिला वेगळी सोय करून देणे ही दुसरी. एक केली म्हणून दुसरी टळत नाही. सुगमतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवून भागणार नाही, बंधनकारक नियम करा, असेही न्यायालयाने केंद्राला बजावले. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. आणि केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतच नमूद होते की संगणकावर परीक्षा देणाऱ्या दिव्यांग उमेदवाराला आदल्या दिवशी संगणक तपासून पाहू द्यावा आणि त्याला सोयीचा कळफलक व खास माउस वापरू द्यावा. लेखी परीक्षेला हे तत्त्व लागू पडत असेल, तर टंकलेखनाच्या चाचणीला, जिथे सारे काही कळफलकावरच अवलंबून आहे, तिथे ते अधिकच लागू पडायला नको काय?

आता आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतो. प्रशासनाकडे या प्रश्नावर एक तयार उत्तर असते, आणि ते म्हणजे सूट. केंद्र सरकारच्या कनिष्ठ लिपिकांच्या बाबतीत, ज्याला टंकलेखन करता येणे शक्य नाही असे वैद्यकीय मंडळ लिहून देते, त्याला टंकलेखनाच्या अटीतून सूट देण्याची पद्धत आहे. ज्याला कोणतेच साधन उपयोगी पडत नाही, त्याच्यासाठी अशी सूट असलीच पाहिजे. तिला आमचा विरोध नाही. पण सूट हे पहिले उत्तर होता कामा नये, ते शेवटचे असले पाहिजे. कारण सूट मिळवण्यासाठी माणसाला आधी 'मी हे करू शकत नाही' असा दाखला आणावा लागतो. जो साधन मिळाले असते तर करू शकला असता, त्यालाही सरकारी शिक्क्यानिशी अक्षम ठरवले जाते. तो नोकरीत येतो, पण त्याच्या टेबलावर संगणक येत नाही. त्याला आवक-जावक नोंदवहीपाशी किंवा दाराजवळच्या खुर्चीवर बसवले जाते. काम शिकायला मिळत नाही, म्हणून जबाबदारी मिळत नाही. आणि मग सहकारीच म्हणतात की हे कोट्यातून आलेले लोक काम करत नाहीत. हे वाक्य आपल्या समाजाने फार वर्षे ऐकले आहे. आधी साधन नाकारायचे, मग अपात्र म्हणायचे आणि शेवटी उपकार म्हणून एक खुर्ची द्यायची, ही चाल आम्हाला नवी नाही.

यावर काही जण म्हणतील की लोकांची कामे वेगाने व्हायला हवीत, वेगाची अट शिथिल केली तर कचेरीचे काम बिघडेल. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण कचेरीत खेटे घालणारा गरीबही आपलाच आहे. पण आम्ही काम कमी करा असे म्हणत नाही. साधन द्या, सरावाला वेळ द्या आणि मग चाचणी घ्या, एवढेच आमचे म्हणणे आहे. चाचणीत वाढीव वेळ द्यायचा की नाही, हे त्या व्यक्तीच्या अपंगत्वाकडे बघून ठरवा. आजच्या कचेरीत निम्मी पत्रे ठरावीक नमुन्यातली असतात. नावे आणि तारखा बदलल्या की पत्र तयार होते. तिथे बोटांच्या वेगापेक्षा अचूकपणा आणि नियमांची जाण जास्त लागते. आणि नोकरीत असताना कर्मचाऱ्याचा हात अपघातात गेला तर त्याला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही, हेही कलम २० नेच सांगितले आहे. अशा वेळी त्याला दुसऱ्या टेबलावर हलवण्याआधी त्याच्या जुन्या टेबलावर साधन देऊन पाहिले पाहिजे.

केवळ सरकारला बोल लावून आपले काम संपत नाही. शिराळ्यासारख्या तालुक्यात आपण काय करू शकतो? पहिली गोष्ट म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येक टायपिंग इन्स्टिट्यूटच्या आणि एमएस-सीआयटी केंद्राच्या चालकाला भेटून या चार सोयी प्रत्यक्ष दाखवाव्यात. पाच मिनिटांचा धडा आहे. दुसरी गोष्ट, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा शासनाचा नियम आहे. ग्रामसभेत उभे राहून त्याचा हिशेब मागावा आणि त्यातून कळफलकाची जाळी, मोठा माउस, टेबलाला लावायचा आधार अशा वस्तू घेण्याचा ठराव करून घ्यावा. शिबिरात तीनचाकी सायकली वाटून फोटो निघतात. सायकल हवीच, पण सायकलवर बसून तो मुलगा जाणार कुठे, याचाही विचार करायला नको काय?

तिसरी गोष्ट परीक्षार्थींसाठी. अर्ज भरतानाच स्वतंत्र पत्र द्यावे. माझे अपंगत्व अमुक आहे, त्यामुळे मला अमुक सोय लागेल, परीक्षेच्या संगणकावर ती सुरू असावी आणि मला आधी तपासू द्यावी, असे मुद्देसूद लिहावे. अधिनियमाच्या कलम २ आणि २० चा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी. तोंडी विनंतीला कागदावर जागा नसते. कामावर असलेल्यांनी आपल्या आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे कलम २३ खाली अर्ज द्यावा. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी झाली पाहिजे असे कायदा सांगतो. तिथे दाद न लागल्यास जिल्हास्तरीय समिती आणि पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढच्या वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही केला. विभाग आपल्यासाठी आहे, तर आपले कागद तिथे पोहोचले पाहिजेत.

वकिलाची फी कुठून आणायची, ही चिंता कोणी करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे करायचा असतो. आमच्या वकीलबांधवांनीही अशी प्रकरणे आनंदाने घ्यावीत. खटला लढण्याआधी एक साधी नोटीस पुष्कळदा काम करून जाते, कारण समोरच्या कचेरीला हा कायदा ठाऊकच नसतो.

बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकवले, आणि हक्क मागणारा माणूस कोणाच्या दयेवर उभा राहत नाही हेही शिकवले. दिव्यांग बांधवांची मागणी याच मापाने मोजली पाहिजे. त्यांना अट माफ करून एका कोपऱ्यात बसवू नका. त्यांच्यापुढे संगणक ठेवा, त्यांच्या हाताला जुळेल असा कळफलक ठेवा आणि त्यांच्याकडून पुरेपूर काम घ्या. येत्या भरतीच्या आधी आपल्या गावातल्या अशा एका तरी मुलाला किंवा मुलीला संगणकासमोर बसवा, शिफ्टची कळ पाच वेळा दाबायला सांगा आणि तिच्या स्वतःच्या बोटाने 'अधिकार' हा शब्द लिहून घ्या. अर्ज त्यानंतर भरायचा आहे, आणि तोही तिनेच टाइप केलेला असला पाहिजे.